तीव्र बनियन आणि अंगठ्याच्या सांध्याची झीज : सांधा जोडण्याच्या शस्त्रक्रियेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पायाचा अंगठा शेजारच्या बोटाकडे कलत जातो आणि त्याच्या मुळाशी, पायाच्या आतल्या कडेला, टेंगूळ दिसू लागते. या व्यंगाला वैद्यकीय भाषेत हॅलक्स व्हॅल्गस म्हणतात. दवाखान्यात बहुधा बनियन हा शब्द कानावर पडतो आणि घरात ‘पायाचं हाड वाढलंय’ असे म्हटले जाते. ही प्रश्नोत्तरे या व्यंगाच्या सर्वच रुग्णांसाठी नाहीत. ज्यांचा अंगठा फारच वाकडा झाला आहे आणि शिवाय ज्यांच्या अंगठ्याच्या मुळाचा सांधाही झिजला आहे, त्यांना आम्ही बहुतेक वेळा सांधा जोडण्याची शस्त्रक्रिया सुचवतो. ‘जोडणे’ हा शब्द ऐकताच रुग्ण धास्तावतात, आणि ती धास्ती समजून घेऊनच पुढील उत्तरे लिहिली आहेत.

हाड वाढले आहे, तर तेवढेच घासून का टाकत नाहीत?

कारण बहुतांशी हाड वाढलेले नसते, ते जागेवरून सरकलेले असते. अंगठ्याच्या मागे तळपायात जे लांब हाड असते, ते हळूहळू दुसऱ्या पायाच्या दिशेने, म्हणजे आतल्या बाजूला, झुकत जाते आणि अंगठा मात्र उलट्या दिशेने, बाकीच्या बोटांकडे, वळतो. या दोन हाडांमध्ये जो कोन तयार होतो त्याचे टोक म्हणजे आपल्याला दिसणारे टेंगूळ. त्या लांब हाडाच्या टोकाखाली वाटाण्याएवढी दोन छोटी हाडे असतात, ज्यांवर चालताना भार येतो. ती आपल्या जागीच राहतात आणि लांब हाडाचे डोके त्यांच्यावरून घसरून बाजूला जाते. एक्स-रेवर हे इतके स्पष्ट दिसते की रुग्णाला समजावताना आम्ही पहिल्यांदा बोट ठेवतो ते या दोन हाडांवरच.

नुसते टेंगूळ घासले तर मूळ कोन तसाच राहतो, ओढणारे स्नायू तसेच ओढत राहतात आणि काही वर्षांत पाय पुन्हा त्याच अवस्थेला येतो. त्यातून सांधा आधीच झिजलेला असेल, तर टेंगूळ गेले तरी प्रत्येक पावलाला होणारी वेदना जात नाही.

माझे व्यंग ‘तीव्र’ आहे हे कशावरून ठरते?

उभे राहून, पायावर पूर्ण भार देऊन काढलेल्या एक्स-रेवरून. झोपून काढलेल्या एक्स-रेमध्ये हाडे पसरत नाहीत आणि व्यंग प्रत्यक्षापेक्षा सौम्य दिसते, त्यामुळे असा एक्स-रे घेऊन आलेल्या रुग्णाला आम्ही पुन्हा एक्स-रे काढायला सांगतो. तो खर्च वायफळ नसतो. अंगठा आणि त्याच्या मागचे लांब हाड यांच्यातील कोन साधारणपणे १५ अंशांच्या आत असतो. तो २० ते ४० अंशांदरम्यान असेल तर व्यंग मध्यम आणि ४० अंशांच्या पुढे गेला तर तीव्र मानतात. पहिल्या आणि दुसऱ्या लांब हाडांमधील कोनही मोजला जातो. तो निरोगी पायात ९ अंशांच्या आत असतो.

मात्र कोन हा निर्णयाचा एक भागच आहे. कोन ४५ अंशांचा असूनही ज्यांना दुखत नाही, ज्यांची चप्पल लागत नाही आणि ज्यांचे दुसरे बोट सुस्थितीत आहे, त्यांच्या पायाला हात लावण्याची घाई करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. पाय सुंदर दिसावा एवढ्याच हेतूने ही शस्त्रक्रिया करू नये.

सांधाही झिजला आहे, हे कसे कळते?

टेंगूळ चपलेला घासून दुखणे आणि सांधा आतून दुखणे या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि रुग्णाला नीट विचारले तर तो त्या वेगळ्या करून सांगू शकतो. पहिली तक्रार अनवाणी चालताना जवळजवळ नाहीशी होते. दुसरी होत नाही, कारण पाऊल उचलताना अंगठा वाकला की सांध्याची झिजलेली टोके एकमेकांवर घासतातच. तपासताना अंगठा धरून थोडासा दाबून फिरवला की सांध्यात खरखर जाणवते. एक्स-रेवर सांध्यातील फट अरुंद झालेली आणि कडांना हाडाची टोके फुटलेली दिसतात.

येथे दोन आजारांचा विचार आधी करावा लागतो. युरिक अॅसिड वाढून होणाऱ्या वातरक्ताला, म्हणजे गाउटला, अंगठ्याचा हाच सांधा सर्वाधिक प्रिय असतो. सांधा रात्रीतून लालभडक होऊन पांघरुणाचा स्पर्शही सहन होईनासा झाला, असा प्रसंग तुमच्या बाबतीत घडला असेल तर तो अवश्य सांगावा. दुसरा आजार म्हणजे आमवात, ज्यात हाताची बोटेही सकाळी आखडतात. या दोहोंवर औषधोपचार आधी करावे लागतात.

शस्त्रक्रियेवाचून भागणार नाही का?

अनेकांचे भागते, आणि ज्यांचे भागते त्यांनी ते भागवावे. पुढून रुंद, ताठ तळाचे आणि चवड्याखाली किंचित गोलाई असलेले पादत्राण वापरल्यास सांधा कमी वाकतो आणि वेदना कमी होते. घट्टे आणि भोवऱ्या वेळच्या वेळी तज्ज्ञाकडून कमी करून घ्याव्यात. मधुमेह असल्यास घरी ब्लेडने मुळीच कापू नयेत. सांध्यात दिलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन काही आठवडे ते काही महिने आराम देते, पण व्यंग दुरुस्त करत नाही.

बोटांमध्ये ठेवायचे सिलिकॉनचे तुकडे आणि रात्री बांधायचे पट्टे यांच्या जाहिराती फार होतात. त्यांनी घासणे कमी होऊन बरे वाटू शकते, पण प्रौढ माणसाचे वाकलेले हाड त्यांनी सरळ होत नाही. हाडवैद्याकडून अंगठा ओढून ‘बसवून’ घेण्याने तर झिजलेल्या सांध्याला इजाच होते.

माझ्या बहिणीच्या पायाचे हाड कापून सरळ केले आणि तिचा अंगठा वाकतो. माझ्यासाठी वेगळी शस्त्रक्रिया का?

तिचा सांधा निरोगी असावा. सांध्याची कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, शाबूत असेल तर लांब हाड कापून, सरकवून, स्क्रूने पक्के करता येते, किंवा व्यंग मोठे असेल तर पायाच्या मध्यभागातील सांधा जोडून ते हाड मुळापासून सरळ करता येते. अशा वेळी अंगठ्याचा सांधा वाचवणे हाच हेतू असतो. छोट्या छिद्रांतून होणाऱ्या शस्त्रक्रियांचाही सध्या बोलबाला आहे आणि योग्य रुग्णात त्या चांगल्या आहेत. पण त्वचेवरचे छेद लहान असले म्हणून आतला झिजलेला सांधा नवा होत नाही. कूर्चा संपलेली असताना हाड सरळ केले, तर सरळ पण दुखरा अंगठा मिळतो. दोन वर्षांनी पुन्हा शस्त्रक्रिया करून सांधा जोडावा लागणे हे पहिल्यांदाच तो जोडण्यापेक्षा रुग्णाला फार महागात पडते.

सांधा जोडला की अंगठा कायमचा ताठ होणार. मग मी चालणार कशी?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो आणि त्याचे उत्तर घाईने देऊ नये. पहिली गोष्ट म्हणजे, तुमचा सांधा आजच किती हलतो ते पाहावे. तीव्र व्यंग आणि झीज एकत्र असलेल्या पायात हालचाल बहुधा आधीच तुटपुंजी असते आणि जी उरलेली असते ती दुखते. दुखू नये म्हणून माणूस नकळत पायाच्या बाहेरच्या कडेवर भार देऊन चालतो. अशा रुग्णाची जुनी चप्पल उलटी करून पाहिली तर तळाची बाहेरची कड झिजून गेलेली आणि अंगठ्याखालची जागा जवळजवळ कोरी दिसते. म्हणजेच अंगठा भार घेणे केव्हाच थांबलेला असतो.

सांधा योग्य स्थितीत जोडला की अंगठा पुन्हा भार घेऊ लागतो. अंगठ्याला दोन सांधे असतात. आपण जोडतो तो मुळाचा, आणि नखाजवळचा सांधा हलताच राहतो. पाऊल उचलताना लागणारे वळण तो सांधा, घोटा आणि पायाच्या मध्यभागातले सांधे मिळून भरून काढतात. सपाट जमिनीवर चालणाऱ्या माणसाकडे पाहून त्याचा सांधा जोडलेला आहे हे बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. चवड्यावर उंच उभे राहणे, उंच टाचांची पादत्राणे आणि अंगठा मागे मुडपून बसणे या गोष्टी मात्र जातात, आणि ते आधीच स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

ही शस्त्रक्रिया नवी नाही. लंडनचे शल्यचिकित्सक क्लटन यांनी १८९४ मध्ये, हस्तिदंती खुंट्या वापरून, वाकड्या अंगठ्यासाठी हा सांधा जोडण्याची पद्धत मांडली होती. खुंट्यांची जागा आता धातूच्या प्लेटने आणि स्क्रूने घेतली आहे. विचार तोच आहे.

लांब हाड न कापता पाय अरुंद कसा होतो?

अंगठ्याला बाजूला खेचणारा एक स्नायू अंगठ्याच्या हाडाला जोडलेला असतो. सांधा सैल असताना तो स्नायू अंगठ्याला खेचतो आणि अंगठा लांब हाडाला उलट दिशेने ढकलतो. सांधा जोडल्यावर अंगठा आणि लांब हाड एक होतात, त्यामुळे तोच स्नायू आता दोघांनाही मिळून दुसऱ्या बोटाकडे ओढू लागतो आणि दोन लांब हाडांमधील वाढलेला कोन आपोआप कमी होतो. व्यंग वाढवणारा स्नायूच ते सुधारायला कामी येतो.

गुडघ्यासारखा हा सांधा बदलता येत नाही का?

कृत्रिम सांधे उपलब्ध आहेत, पण तीव्र वाकडेपणा असलेल्या पायात ते टिकत नाहीत. बाजूला खेचणाऱ्या ताकदीमुळे ते सैल होतात, आणि सिलिकॉनच्या सांध्यांत झिजेच्या कणांमुळे आजूबाजूचे हाड पोखरले जाऊ शकते. अंगठ्याच्या हाडाचा मुळाकडचा भाग काढून टाकण्याची १९०४ पासूनची केलर पद्धतही आहे. तिच्यात लवकर उठता येते, पण अंगठा आखूड आणि कमजोर होतो व भार शेजारच्या बोटांवर जातो. म्हणून ती अगदी वृद्ध आणि घरातल्या घरातच वावरणाऱ्या व्यक्तींसाठी राखून ठेवावी.

अंगठा नेमक्या कोणत्या स्थितीत जोडतात? ते मी ठरवायचे का?

शस्त्रक्रियेचे सारे यश या एका प्रश्नावर अवलंबून आहे, कारण एकदा हाड जुळले की स्थिती बदलण्यासाठी ते पुन्हा कापावे लागते. अंगठा बाकीच्या बोटांकडे १० ते १५ अंश कललेला ठेवतात. पूर्ण सरळ ठेवला तर तो पादत्राणाच्या आतल्या कडेवर घासतो. जास्त कलता ठेवला तर दुसऱ्या बोटाला ढकलतो. नख आकाशाकडे, शेजारच्या नखांच्या रांगेत असावे लागते. आणि अंगठा जमिनीच्या तुलनेत किंचित, साधारण १० अंश, वर उचललेला असतो. लांब हाड मुळातच जमिनीकडे उतरते असल्यामुळे, त्या हाडाच्या तुलनेत हाच कोन २० ते ३० अंश भरतो. पुस्तकांत दोन वेगवेगळे आकडे दिसतात ते यामुळे.

शस्त्रक्रिया चालू असताना हे पाहण्याची पद्धत अगदी साधी आहे. निर्जंतुक केलेल्या ट्रेचे सपाट झाकण तळपायाला लावून धरतात, घोटा काटकोनात आणतात आणि जणू रुग्ण फरशीवर उभा आहे असे मानून अंगठा पाहतात. अंगठ्याचा फुगीर भाग झाकणाला जेमतेम टेकावा, किंवा दोघांत एखादे जाड कार्ड सरकेल एवढीच फट राहावी. सर्व काही जुळेपर्यंत अंगठा बारीक तारेने तात्पुरता धरून ठेवलेला असतो. प्लेट त्यानंतर बसते.

आता तुमचा वाटा. परदेशी पुस्तकांतील कोन प्रामुख्याने बूट घालून वावरणाऱ्या माणसांसाठी लिहिलेले आहेत. आपल्याकडे मात्र उंबऱ्याबाहेर चप्पल काढली की दिवसाचे कित्येक तास फरशीवर अनवाणी जातात. स्वयंपाकघर, देवघर, देऊळ, सारे अनवाणी. अंगठा जास्त वर उचललेला जोडला, तर अनवाणी चालताना तो हवेत राहतो, चवड्याखाली घट्टा पडतो आणि बंद बुटात नख वरून घासते. फार खाली जोडला, तर प्रत्येक पावलाला अंगठ्यावरून उडी मारल्यासारखे चालावे लागते आणि नखाजवळचा सांधा दुखू लागतो. म्हणून घरात अनवाणी वावरता की स्लिपर घालता, नोकरीला कोणते बूट सक्तीचे आहेत, थोडीशी टाच असलेली पादत्राणे हवीच आहेत का, हे शस्त्रक्रियेपूर्वी सांगावे आणि रोजच्या वापरातली चप्पल तपासणीला सोबत आणावी. शल्यचिकित्सकाने विचारले नाही, तर आपण होऊन सांगावे.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया कशी होते?

कमरेतून स्पायनल भूल देतात, किंवा गुडघ्यामागे वा घोट्याभोवती इंजेक्शने देऊन केवळ पाय बधिर करतात. अंगठ्याच्या सांध्यावर साधारण ५ ते ६ सेंटिमीटरचा छेद घेतला जातो. कडांना फुटलेले हाड काढतात आणि उरलेली कूर्चा खरवडून, एका हाडाला वाटीसारखा व दुसऱ्याला त्या वाटीत बसणारा गोल आकार देतात. यामुळे अंगठा हव्या त्या कोनात फिरवून बसवता येतो. दोन्ही पृष्ठभागांवर बारीक छिद्रे पाडतात, कारण रक्त पाझरणारे हाडच हाडाशी जुळते. नंतर एक तिरपा स्क्रू आणि वरून पातळ प्लेट बसवून टाके घालतात. एवढ्याला एक ते दीड तास लागतो.

दुसरे बोट अंगठ्यावर चढले आहे. तेही त्याच वेळी सरळ करतात का?

बहुधा करतात, कारण अंगठा सरळ होऊन त्या बोटाला जागा मिळाली तरी वर्षानुवर्षे आखडलेले बोट स्वतःहून खाली येत नाही. बोटाचा लहान सांधा जोडून त्यातून तार घातली जाते, जी ४ ते ६ आठवडे नखाच्या टोकातून बाहेर दिसते आणि बाह्यरुग्ण विभागातच काढता येते. आमवाताच्या रुग्णांत सर्वच बोटांचे सांधे निखळलेले असतील, तर संपूर्ण चवड्याची फेररचना एकत्र करावी लागते.

मला मधुमेह आहे. शस्त्रक्रिया होऊ शकते का?

साखर आटोक्यात असेल, पायातील रक्तप्रवाह चांगला असेल आणि तळपायाची संवेदना शाबूत असेल तर होऊ शकते. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी तपासणी ८ टक्क्यांच्या आत असावी असा आग्रह बहुतेक शल्यचिकित्सक धरतात. पायाच्या नाड्या बोटांना लागत नसतील तर रक्तप्रवाह दाखवणारी डॉपलर तपासणी करून, गरज पडल्यास रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञाचे मत घेतल्याशिवाय छेद घेऊ नये. ड जीवनसत्त्व कमी असेल तर तेही आधी भरून काढावे.

तंबाखूबद्दल इतकी चौकशी का करतात?

निकोटिनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि हाड न जुळण्याची शक्यता स्पष्टपणे वाढते. ‘सिगारेट ओढता का, तंबाखू खाता का’ या प्रश्नाला आपल्याकडील अनेक स्त्रिया प्रामाणिकपणे नाही म्हणतात, आणि दिवसातून तीन वेळा मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच आहे. दात घासण्यासाठी वापरली तरी निकोटिन हिरड्यांवाटे रक्तात उतरतेच. आम्ही आता मिश्रीचा प्रश्न नाव घेऊन, वेगळा विचारतो. शस्त्रक्रियेच्या किमान ४ ते ६ आठवडे आधीपासून हाड पूर्ण जुळेपर्यंत तंबाखू, गुटखा, विडी आणि मिश्री यांपैकी काहीही चालत नाही. हे जमणार नसेल, तर शस्त्रक्रिया पुढे ढकलणे हेच रुग्णाच्या हिताचे असते.

आमवाताची औषधे मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत. मेथोट्रेक्सेट सहसा चालू ठेवतात; जैविक औषधांच्या मात्रांची वेळ आमवाततज्ज्ञाशी बोलून जुळवली जाते.

वर्षातील कोणता काळ योग्य?

वैद्यकीयदृष्ट्या कोणताही. व्यवहारात मात्र पहिले दोन आठवडे ड्रेसिंग कोरडे राहणे फार महत्त्वाचे असते आणि कोकणात किंवा घाटमाथ्यावर भर पावसात ते कठीण जाते. भाताच्या लावणीसाठी चिखलात उभे राहणाऱ्या स्त्रीने ज्येष्ठात शस्त्रक्रिया करून घेतली, तर तो हंगाम तिच्या हातून जातो किंवा ती अपुऱ्या बऱ्या झालेल्या पायाने शेतात उतरते. दुसरी शक्यता अधिक भीतिदायक आहे. अशा कुटुंबांना आम्ही दिवाळीनंतरचा काळ सुचवतो.

बरे व्हायला किती दिवस लागतात?

पहिले दोन आठवडे पाय उंचावर ठेवण्याचे असतात, आणि उंचावर म्हणजे नुसता स्टुलावर नव्हे, तर आडवे पडून, उशा लावून हृदयाच्या पातळीच्या वर. तासाभरातील ५० मिनिटे पाय वर आणि उरलेली शौचालय, जेवण व अन्य गरजांसाठी, असा हिशेब ठेवावा. या काळात पाय खाली सोडून बसणाऱ्यांचीच जखम बहुधा सुजते आणि चिघळते. चालताना टाचेवर भार घेणारी विशेष सँडल घालून, वॉकर किंवा कुबड्यांच्या आधाराने चालावे. काही रुग्णांत, उदाहरणार्थ हाड ठिसूळ असेल तर, भार देणे आणखी काही आठवडे थांबवतात. घोटा आणि गुडघा मात्र पहिल्या दिवसापासून हलवत राहावे, म्हणजे पोटरीत रक्ताची गुठळी होण्याचा धोका कमी होतो.

टाके साधारण १४ व्या दिवशी काढतात. सहाव्या आठवड्यात एक्स-रे काढतात. हाड जुळू लागल्याची चिन्हे दिसली तर ताठ तळाचे, रुंद बूट सुरू होतात. हाड पक्के जुळायला ८ ते १२ आठवडे लागतात. बसून काम करणारे ३ आठवड्यांनी कामाला लागू शकतात, पण तेथेही पाय वर ठेवण्याची सोय हवी. शिक्षिका, परिचारिका, दुकानदार यांसारख्या उभ्याने काम करणाऱ्यांनी तीन महिने धरून चालावे. संध्याकाळी पाय सुजणे सहा महिने, क्वचित वर्षभर चालते. त्याने घाबरून जाऊ नये.

धोके कोणते?

हाड न जुळणे हा मुख्य धोका. उपलब्ध अभ्यासांनुसार १० पैकी ९ किंवा त्याहून अधिक रुग्णांत हाड जुळते. न जुळलेल्यांपैकी काहींना त्रास होत नाही. ज्यांना होतो, त्यांना कमरेच्या हाडाचा तुकडा बसवून पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागू शकते. जंतुसंसर्ग, अंगठ्याच्या वरच्या बाजूला बधिरपणा, प्लेट टोचणे, अंगठा चुकीच्या स्थितीत जुळणे आणि काही वर्षांनी नखाजवळचा सांधा झिजणे हेही संभवते. पोटरी घट्ट होऊन दुखणे, अचानक धाप लागणे, ताप येणे किंवा ड्रेसिंगमधून पू येणे, यांपैकी काहीही झाल्यास पुढील तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात यावे.

मांडी घालून बसणे, भारतीय शौचालय, योगासने आणि नमाज यांचे काय?

मांडी घालण्यात अंगठ्याचा सांधा वाकत नाही, त्यामुळे जेवणाच्या पंगतीत बसायला अडचण नाही. टाचा टेकवून उकिडवे बसणाऱ्यांनाही अडथळा येत नाही. टाचा उचलून चवड्यावर बसण्याची सवय असलेल्यांना मात्र ते जमणार नाही, आणि वयानुसार पोटऱ्या आखडल्यामुळे अशी सवय अनेकांना असते. त्यांनी कमोडची किंवा भारतीय शौचालयावर ठेवायच्या खुर्चीची सोय आधीच करावी. सूर्यनमस्कारात ज्या स्थितींमध्ये मागच्या पायाची बोटे मुडपून त्यांवर भार येतो, तेथे पाऊल थोडे बाहेर वळवून घ्यावे लागते. सजद्यात बोटे वाकवून टेकवणेही त्या पायाने शक्य होत नाही. रुग्ण पाय किंचित तिरका ठेवतात किंवा खुर्चीवर बसून नमाज अदा करतात.

गाडी कधी चालवता येईल?

डाव्या पायाची शस्त्रक्रिया आणि क्लच नसलेली मोटार असेल तर ३ आठवड्यांनी. उजव्या पायासाठी ६ ते ८ आठवडे, तेही अचानक जोरात ब्रेक दाबता येत असेल तरच. मोटारसायकलचा गिअर डाव्या अंगठ्याच्या मुळानेच वर उचलला जातो आणि नेमका तेथेच नवा जोड असतो, त्यामुळे तीन महिने थांबावे. हाताच्या ब्रेकची स्कूटर त्याआधी चालते.

मी दरवर्षी वारीला जाते. पुन्हा जाता येईल का?

आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे २५० किलोमीटर आहे आणि जुळलेला, न दुखणारा अंगठा ते चालू शकतो. मात्र शस्त्रक्रियेनंतर पहिल्याच आषाढीला निघण्याचा हट्ट धरू नये. हाड जुळल्यावरही किमान सहा महिने जाऊ द्यावेत, आधी रोजचे अंतर वाढवत न्यावे आणि अनवाणी चालण्याऐवजी ताठ तळाचे बूट वापरावेत. पोहणे, सायकल, डोंगरवाटा यांनाही मनाई नाही.

कोल्हापुरी चप्पल घालता येईल का?

सूज उतरल्यावर, म्हणजे साधारण सहा महिन्यांनंतर. तिचा सपाट, ताठ तळ जोडलेल्या अंगठ्याला सोसतो, पण अंगठा वाकवून चामड्याच्या अंगठ्यात घालता येत नसल्याने चपलेचा तो चामडी अंगठा सैल करून घ्यावा लागतो.

विमा मिळतो का?

सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च विमा कंपन्या देत नाहीत. म्हणून वेदना, चालण्यातील अडचण, सांध्याची झीज आणि आधी करून पाहिलेले उपचार यांची नोंद केसपेपरवर स्पष्ट असावी आणि उभ्याने काढलेला एक्स-रे सोबत जोडावा.

प्लेट पुन्हा काढावी लागते का?

टोचत नसेल तर नाही. टायटॅनियमची प्लेट असताना एमआरआय सहसा करता येतो. तपासणीपूर्वी तंत्रज्ञाला सांगावे आणि डिस्चार्ज कार्डाची प्रत जपून ठेवावी.

शस्त्रक्रियेसाठी जोडवी काढावीच लागतात का?

काढावीच लागतात, आणि हे मी रुग्णाला आदल्या रात्री नव्हे, तर पहिल्या भेटीतच सांगतो. शस्त्रक्रियेनंतर बोटे सुजतात आणि घट्ट जोडव्यामुळे बोटाचा रक्तप्रवाह अडकू शकतो. शिवाय त्याखालची त्वचा निर्जंतुक करता येत नाही. वर चढलेल्या दुसऱ्या बोटात अनेक वर्षांपासून असलेले जोडवे बऱ्याचदा मांसात रुतलेले असते. ते शस्त्रक्रियेच्या टेबलावर कापण्याची वेळ येऊ नये, म्हणून आठवडाभर आधी घरी साबणाचे पाणी लावून किंवा सोनाराकडून काढून घ्यावे. सवाष्ण स्त्रीला ते उतरवताना वाईट वाटते, सासूबाई काय म्हणतील याचीही चिंता असते. अशा वेळी घरातील मोठ्या माणसांना तपासणीला सोबत आणावे, आम्ही त्यांच्याशी बोलतो. दुसऱ्या बोटाला हात लावलेला नसेल तर सूज उतरल्यावर, साधारण तीन ते चार महिन्यांनी, जोडवी पुन्हा घालता येतात. बोटात तार घातली असेल तर त्याहून उशिरा, आणि तीही तोंड उघडे असलेली, सैल करता येणारी असावीत.